डावीकडची खुर्ची

नौपाडा, ठाणे
२५ सप्टेंबर १९५०

तीर्थस्वरूप मामांस त्र्यंबकचा नमस्कार.

हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचावं अशी विनंती आहे. ठाण्याहून डोंबिवलीला यायला असा काय वेळ लागतो, पण तिथे आलो की माहेरी आलेली मंदा समोर येणार, आणि तिला पाचवा महिना असताना तिच्यासमोर हे बोलायचं धाडस मला होत नाही. तिच्या उलट्या थांबल्या का तेही कळवा.

आमची अपरान्त एअरवेज शनिवारी बंद झाली. सकाळी मी विमान घेऊन राजकोटला गेलो, दुपारी परत आलो तर कचेरीचे लोक खुर्च्या एकमेकांवर रचत होते. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं की यापुढे जमत नाही. भला माणूस आहे, रडला. आम्हीच त्याची समजूत घातली.

कलकत्त्याच्या ब्रह्मपुत्रा एअरलाइन्सची तार आली आहे. डकोटा विमान चालवणारे हवेत, ताबडतोब निघा. माझ्या हाताखालचा मधु उद्याच्या मेलने कल्याणहून निघतोय. बाळकुमच्या आवडाबाईंचा मुलगा, तुम्ही त्याला आमच्या लग्नात पाहिलाय, पंगतीत वाढत होता तो. त्याला मीच शिकवला. कॅप्टनची परीक्षा गेल्याच महिन्यात पास झाला, अजून स्वतःच्या जबाबदारीवर विमान नेलेलं नाही. 'कॅप्टन, चला ना, एकत्रच जाऊ' म्हणून सकाळपासून मागे लागलाय. पण परवापासून पितृपंधरवडा, आणि बाबांची तिथी त्यातल्या नवमीची.

विमानात डावीकडे बसतो तो कॅप्टन, उजवीकडे त्याचा मदतनीस. मी चार वर्षं डावीकडे बसलो. नोकरी जाते येते, पण ती खुर्ची जाऊ नये एवढंच मला वाटतं. तुमचा जन्म कलेक्टर कचेरीत नेमणुका आणि बढत्या बघण्यात गेला. लगेच निघू की थांबू, तुम्ही सांगाल तसं करीन.

आपला
त्र्यंबक

*

डोंबिवली
२६ सप्टेंबर १९५०

चि. त्र्यंबकराव यांस गुणाजी तावडे याचे आशीर्वाद.

पत्र एकट्यानेच वाचले, विहिरीच्या काठावर उभे राहून. पण मंदाची आई घागर घेऊन मागून आली, तिने माझा चेहरा पाहिला आणि निम्मे तिला सांगावे लागले. उरलेले निम्मे तिने स्वतःच ओळखले. मंदाला पत्ता नाही. उलट्या थांबल्या आहेत, आता चिंचेवर जोर आहे.

मंदाच्या आईची पहिली आज्ञा अशी की पितृपंधरवड्यात नव्या कामाला हात लावायचा नाही. त्यातून वडिलांची तिथी. तुम्ही एकुलते एक. कलकत्त्याला जाऊन पान वाढाल, तर तिथला कोणता कावळा तुम्हाला ओळखणार आहे?

आता माझे मत. एक खाते मोडून माणसे दुसऱ्या खात्यात गेली, तर मागची नोकरी पुढच्या नोकरीत धरतात. अशी प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. ज्याची नोकरी मोठी तो वर, ज्याची लहान तो खाली, यात साहेबालासुद्धा ढवळाढवळ करता येत नाही. मधु चार दिवस आधी पोचला म्हणून तुमच्या डोक्यावर बसेल काय? काल शिकलेले पोर ते. तुम्ही खुशाल तिथी करा, दसऱ्याला रुजू व्हा. जाण्यापूर्वी मंदाला भेटून जा. तिला 'बदली झाली' एवढेच सांगू.

निश्चिंत असावे.

गुणाजी तावडे

*

कलकत्ता
३ नोव्हेंबर १९५०

तीर्थस्वरूप मामांस,

दसऱ्याला सकाळी रुजू झालो. कंपनी बरी आहे. जाताना तांदूळ आणि कापड, येताना चहाच्या पेट्या, मध्ये कधी माणसं. सिल्चर, आगरतळा, बागडोगरा अशा खेपा असतात. इथले लोक गोड बोलतात आणि वरण पण गोडच करतात.

मधु आणि मी बहुधा एकाच विमानावर असतो. राहतोही एकाच खोलीत. तो भात करतो, मी आमटी. परक्या गावात घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मंदाला सांगा, आसामातून बागडोगऱ्याकडे येताना उजवीकडच्या खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात. सकाळच्या उन्हात ते गुलाबी असतात. पूर्वी ढगांकडे बघायला सवड नसायची, आता बघतो. तिच्यासाठी एक डोंगर राखून ठेवलाय म्हणावं.

ज्येष्ठतेच्या यादीत माझं नाव कुठे आहे ते तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहितो की अजून सगळं नवीन आहे, व्यवस्थित बसायला वेळ लागेल.

आपला
त्र्यंबक

*

डोंबिवली
१५ नोव्हेंबर १९५०

चि. त्र्यंबकराव यांस आशीर्वाद.

दिवाळी तुमच्यावाचून झाली. करंज्या मंदाने केल्या, त्यातल्या चार फुटल्या, त्या मी खाल्ल्या.

मधु तुमच्याच विमानावर असतो हे वाचून फार बरे वाटले. हाताखाली ओळखीचा माणूस असला की निम्मे काम हलके होते. मात्र त्याला फार लाडावू नका. एका खोलीत राहता ते ठीक, पण कामावर साहेब तो साहेब. अधूनमधून कान पिळत जा, पुढे तुमचेच नाव काढील. गणपतीच्या देवळात संध्याकाळी आम्ही पेन्शनर बसतो, तिथे मी तुमचे पत्र वाचून दाखवले. आमचे जावई कलकत्त्यातही कॅप्टन, हे ऐकून दोघातिघांना दिवाळीचा फराळ पचला नसावा.

नवीन जागी यादी तयार व्हायला वेळ लागतो हे खरे. पण एकदा झाली की एक नक्कल माझ्याकडे पाठवा. मला अशा गोष्टी वाचायला आवडतात, तुम्ही जाणताच.

तुमचे डोंगर मंदाला वाचून दाखवले. तिने ते पत्र मागून घेतले आणि पुन्हा पुन्हा वाचत बसली. मग म्हणाली, 'बाबा, ह्यांना म्हणावं, जेवत जा.' याचा डोंगरांशी काय संबंध ते मला कळले नाही. गरोदर बायकांचे काही सांगता येत नाही.

गुणाजी तावडे

*

कलकत्ता
२० डिसेंबर १९५०

तीर्थस्वरूप मामांस,

मधु सुट्टीवर बाळकुमला येतोय. त्याच्याबरोबर मंदाला एक ढाक्याची साडी आणि तुम्हाला चहा पाठवला आहे. हा चहा फार उकळू नका, आईंना सांगा.

पोरगा दमलाय, त्याला कामाचं काही विचारू नका. खाऊ घाला आणि पाठवून द्या.

त्र्यंबक

*

डोंबिवली
४ जानेवारी १९५१

चि. त्र्यंबकराव यांस,

साडी पोचली. चहा पोचला. मधुही पोचला, आणि आता मला जे लिहायचे आहे ते लिहितो.

मंदा शेजारी गेली होती. मंदाच्या आईने पोहे केले. मी आपला नेहमीप्रमाणे थट्टेत म्हटले, 'काय मधु, आमचे जावई कान पिळतात की नाही?' पोराने बशी खाली ठेवली. म्हणाला, 'काका, तुम्हाला म्हायती नाय? डावीकडं मी बसतो. कॅप्टन उजवीकडं.'

मला वाटले, मस्करी करतो आहे. पण त्याचे डोळे भरलेले पाहिले. मी एकच विचारले, 'तू रुजू कधी झालास?'

'एकोणतीस तारखेला.'

'आणि तुझ्यानंतर?'

'बंद पडल्याल्या कंपन्यांची बरीच मानसं आली, समदी दसऱ्याच्या आत. कॅप्टन सगळ्यांच्या शेवटी.'

'अरे, पण मागची नोकरी? चार वर्षे?'

'तिकडं कोन इचारतो, काका? गेटातनं पयला कोन आला, तेवढाच बघतात. वरची नावं डावीकडं, खालची उजवीकडं.'

त्याच्या घरीही पितर होतेच. त्याची आई त्याला म्हणाली होती, 'कावल्याला मी घालीन, तू जा.' मंदाच्या आईने हे सगळे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकले. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि मी जेवलो त्याची चव लागली नाही.

मला राग आला आहे तो तुमचा. उजव्या खुर्चीत बसून तुम्ही आम्हाला बर्फाचे डोंगर दाखवता आणि मी देवळात बसून ते चार लोकांना वाचून दाखवतो. आम्हाला लिहिले असते तर आम्ही काय मोडून पडलो असतो?

असो. कचेरीतला माणूस हातावर हात ठेवून बसत नाही. तुमच्या कंपनीच्या व्यवस्थापकास अर्ज तयार केला आहे, इंग्रजीत, फुलस्केप नऊ पाने. मागची नोकरी धरावी आणि तुम्हास मधु व इतर सर्वांच्या वर बसवावे, अशी मागणी दाखल्यांसहित केली आहे. तुमचा होकार आला की रवाना करतो. ती खुर्ची तुम्हाला परत मिळालीच पाहिजे.

गुणाजी तावडे

*

कलकत्ता
१२ जानेवारी १९५१

तीर्थस्वरूप मामांस,

अर्ज पाठवू नका. पाया पडून सांगतो.

तुमचा राग मला कळतो. पण मी काय लिहिणार होतो? तुम्ही आणि आई स्वतःला बोल लावत बसाल, हे मला दिसत होतं. बाबांची तिथी केली याचं मला आजही वाईट वाटत नाही आणि पुढेही वाटणार नाही. आईंना जेवायला सांगा.

खुर्चीचं मात्र वाईट वाटतं. ते लपवून आता उपयोग नाही. पहिल्या दिवशी मधु डावीकडे बसेचना. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, 'कॅप्टन, तुम्ही बसा, इथं कोन बघतो?' मी म्हटलं, बस, आणि मला कॅप्टन म्हणू नकोस. त्याने पहिलं ऐकलं, दुसरं अजून ऐकलेलं नाही. जमिनीवरची माणसं हसतात. कॅप्टन आपल्या मदतनिसाला कॅप्टन म्हणतो, असं त्यांनी कुठे बघितलेलं नाही.

उजवीकडे बसण्यात कठीण काय असेल तर गप्प बसणं. परवा सिल्चरला खाली सगळं ढगांनी भरलेलं होतं. धावपट्टी दिसली आणि नाहीशी झाली. मधुने माझ्याकडे बघितलं. मला सांगता आलं असतं, जीभ नुसती वळवळत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याने विमान वर घेतलं, एक फेरी मारली आणि दुसऱ्या खेपेला अलगद उतरवलं. मी असतो तर पहिल्यांदाच उतरवायला गेलो असतो, आणि कदाचित चुकलो असतो. उतरल्यावर त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, मामा.

यादी ही अशी गोष्ट आहे की कुणीतरी खाली गेल्याशिवाय मी वर जात नाही. आणि तो कुणीतरी मधु असेल. ते मला नको. वरच्या जागा रिकाम्या होतील तशी माझी पाळी येईल, चारपाच वर्षं लागतील. भीती एकच आहे. कंपनीवर माणसं कमी करायची वेळ आली तर सुरुवात शेवटून होते. हे मंदाला सध्या सांगू नका, दिवस भरत आलेत तिचे.

आपला
त्र्यंबक

*

डोंबिवली
३१ जानेवारी १९५१

चि. त्र्यंबकराव यांस अनेक आशीर्वाद.

तारेने कळलेच असेल. मुलगी झाली. नाक तुमचे, आवाज माझा. मंदा खुशाल आहे.

अर्ज बंबात घातला. नऊ पाने होती, पाणी चांगले तापले. तुमच्या मुलीची पहिली आंघोळ त्याच पाण्याने झाली, तेव्हा माझे इंग्रजी अगदीच वाया गेले असे म्हणता येणार नाही.

आणखी एक. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी काल मी मंदाजवळ बसून खुर्चीचा विषय हळूहळू काढू लागलो. ती म्हणाली, 'बाबा, मला दिवाळीतच कळलं. कॅप्टनला उजव्या खिडकीतनं डोंगर कसे दिसतील?' तीन महिने ही मुलगी सगळे मनात ठेवून चिंच खात होती. मी बत्तीस वर्षे लोकांच्या अर्जांतली खोट काढली, आणि घरातले पत्र मला वाचता आले नाही.

मधुस आशीर्वाद. सिल्चरचा मजकूर आवडाबाईंना कळवावा म्हणून बाळकुमला चिठ्ठी पाठवली आहे.

गुणाजी तावडे

*

कलकत्ता
१८ एप्रिल १९५१

तीर्थस्वरूप मामांस,

ज्याची भीती होती ते झालं. चहाचा ठेका कंपनीच्या हातून गेला आणि यादीतल्या शेवटच्या पाच जणांना काढलं. मी त्यात आहे. मधु राहिला. तोही सोडतो म्हणत होता, त्याला दटावलं. कुणीतरी एकाने तरी उडत राहायला पाहिजे.

रविवारी निघतो. पोरीला पहिल्यांदा बघणार आहे, त्यामुळे फार दुःख करायला सवड नाही.

त्र्यंबक

*

डोंबिवली
२१ मे १९५१

चि. त्र्यंबकराव यांस, मुक्काम नागपूर.

काल कल्याणला तुम्हाला मेलमध्ये बसवून घरी आलो तेव्हापासून माझे कशात लक्ष नाही. बाळीचा ताप उतरला आहे, ही पहिली बातमी.

कलकत्त्याची कंपनी साफच बंद पडली आणि मधुही मोकळा झाला, हे आपल्याला उशिरा कळले याचा कोणाला दोष देता येत नाही. पण नागपूरला नवी विदर्भ एअर सर्व्हिस सुरू होते आहे, सहा कॅप्टन घेणार, बाकी सगळे उजवीकडे, ताबडतोब निघा, अशी मधुने केलेली तार ठाण्याच्या तुमच्या बंद घराच्या दाराखाली पडून राहिली. तुम्ही इकडे पोरीच्या उशाशी, आणि तार तिकडे. मंदाच्या आईने काल तुम्हाला निघताना वेळ बघू दिली नाही. राहुकाळ होता. ती म्हणाली, राहूला मी बघून घेईन.

शुक्रवारपासून सह्या घेत आहेत असे तारेत होते. सहाच्या सहा जागा तोवर भरल्या असतील, याची मनाशी तयारी ठेवा. मधु शुक्रवारीच तिथे पोचला असेल, तेव्हा त्याला तरी डावीकडची जागा मिळाली असणार. तुम्हाला पुन्हा त्याच्या उजवीकडे बसावे लागले तर बसा. या वेळी मात्र डोंगर न दाखवता सरळ लिहा.

गुणाजी तावडे

*

नागपूर
२३ मे १९५१

तीर्थस्वरूप मामांस,

सरळ लिहितो.

सोमवारी गाडीतून उतरलो तो तसाच टांगा करून विमानतळावर गेलो. अंगावर कोळशाची धूळ, दाढी वाढलेली. फाटकापाशी चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर मधु बसलेला. मला बघून उठला आणि म्हणाला, 'लवकर आत चला, कॅप्टन.' त्याने माझी पेटी घेतली. मला वाटलं, त्याचं काम झालंय, मला घ्यायला थांबलाय.

आत गेलो. कारकुनाने वही पुढे केली. पाच सह्या झालेल्या होत्या. मी सहावी केली. नावं वाचायचं भानच नव्हतं, जागा आहे एवढंच बघितलं. माझ्या हातातला टाक मधुने घेतला आणि खाली सातवी सही केली.

मी बघतच राहिलो. कारकून म्हणाला, 'हे तर शुक्रवारी सकाळीच आले होते ना. सगळ्यांत पहिले. सही करा म्हटलं तर म्हणाले, मागून करतो. तेव्हापासून रोज त्या बाकावर बसून आहेत.'

बाहेर येऊन मी त्याला चांगला झापला. म्हटलं, पहिली जागा होती तुझी. डोळ्यांसमोर पाच जण आत गेले. सहावाही गेला असता म्हणजे? मी गाडीत बसलोय की नाही हेसुद्धा तुला ठाऊक नव्हतं. तुला असं करायला कुणी सांगितलं होतं?

तो म्हणाला, 'इथं चहा चांगला मिळतो.'

'चार दिवस?'

'फारच चांगला मिळतो, कॅप्टन.'

 मी परत आत जाऊन दोघांची नावं उलटसुलट करा म्हणून कारकुनाला सांगितलं. तो म्हणाला, झालेली सही खोडता येत नाही. तुम्ही असता तर तुम्हीही हेच म्हणाला असता.

आज पहिली खेप होती. डावीकडे बसलो. आठ महिन्यांनी बसलो, मामा. मधु उजवीकडे बसून पट्टा बांधत होता, तोंडाने शीळ चालू. मला रडू आलं, ते त्याने बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. यादीत तो माझ्या खाली आहे, आणि वरची एखादी जागा रिकामी होईपर्यंत तिथेच राहणार. हे मला पेलत नाही. तुम्ही इतक्या माणसांच्या नोकऱ्या बघितल्यात, अशा वेळी माणसाने काय करायचं असतं?

त्र्यंबक

*

डोंबिवली
२७ मे १९५१

चि. त्र्यंबकराव यांस अनेक आशीर्वाद.

तुमचे पत्र घरात मोठ्याने वाचले. मंदा रडली, तिची आई रडली. बाळी कोणी रडले की रडते. माझे मी सांगत नाही.

काय करायचे असते म्हणून विचारता. एका जागेसाठी सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. वरचा माणूस आजारी पडला की खालच्याच्या घरी नारळ फुटतो, हेही पाहिले आहे. स्वतःच्या पायाने एक ओळ खाली उतरलेला माणूस माझ्या कचेरीत कधी आला नाही, त्यामुळे त्याचा नियम मला ठाऊक नाही.

ठाऊक नाही म्हणून मी काल बाळकुमला गेलो. आवडाबाई अंगणात सुकी मासळी राखत बसल्या होत्या. मी सगळे सांगितले. आपले पोर मागे राहिले, हे ऐकून त्यांना काय वाटेल याची मला धास्ती होती. त्यांनी कावळा हाकलला आणि म्हणाल्या, 'त्याला इमान उरवायला कोनी शिकवला? तुमच्या जावयानं ना? मंग.' एवढे बोलून त्या मला चहा करायला उठल्या.

तेव्हा तुम्ही विमान नीट चालवा आणि त्याला जे शिकवायचे राहिले असेल ते शिकवा. याहून जास्त काही तो घेणार नाही.

पहिली सुट्टी मिळेल तेव्हा दोघे मिळून इकडे या. मंदाची आई सांगते ते जसेच्या तसे लिहितो. जावयाचा मान तिला कळतो, तुम्ही मनावर घेऊ नये. पण या घरात यापुढे पहिले ताट मधुला, आणि जावयाला त्याच्यानंतर.

गुणाजी तावडे